गोठ्याभोवतीचा चिखल: आधी पाणी वळवा, मग मुरूम टाका

गोठ्याच्या दारात चिखल झाला की पहिली धाव मुरमाच्या ट्रॉलीकडे असते. आषाढात टाकलेला मुरूम गणपतीपर्यंत दिसेनासा होतो. निफाड-सिन्नरच्या काळ्या मातीत तर तो गिळलाच जातो. दोष मुरमाचा नसतो, खालची माती ओली राहिलेली असते. इगतपुरीकडे भाताच्या खाचरात पाणी थांबावं म्हणून मुद्दाम चिखलणी करतात. गोठ्यासमोर जनावरांचे खूर रोज तेच करतात: ओली माती तुडवली जाते, तिच्यातली छिद्रं बुजतात आणि पाणी खाली झिरपायचं थांबतं. त्यामुळे काम रोहिणी नक्षत्रात, जमीन कोरडी असतानाच काढा आणि सुरुवात पाण्यापासून करा.

सगळ्यात जास्त पाणी आपल्याच पत्र्यावरून येतं. 20 बाय 30 फुटांच्या छपरावर 50 मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे 2,800 लिटर पाणी पागोळ्यांनी खाली येतं, तेही जनावरं उभी राहतात त्याच पट्ट्यात. पन्हळ लावण्याइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही. 6 इंची पीव्हीसी पाइप उभा चिरला की दोन पन्हळी होतात. 10 फुटांना 1 इंच उतार द्या. आधाराच्या पट्ट्या दर 2 ते 3 फुटांवर हव्यात, नाहीतर मध्ये झोळ पडतो आणि पाणी तिथूनच सांडतं. पत्र्याची कड पन्हळीच्या आत आलेली असावी. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा भागात पन्हळ मध्ये उंच ठेवून दोन्ही टोकांना 4 इंची पाइप उतरवा. एका तोंडाने जोराचा पाऊस निघत नाही.

चढाच्या बाजूने वाहत येणाऱ्या पाण्यासाठी भिंतीपासून 4-5 फुटांवर दीड फूट रुंद, फूटभर खोल चर काढा. काळ्या मातीत चराचे काठ सरळ उभे ठेवले तर ढासळतात, ते तिरपे छाटा. हे पाणी उकिरड्यातून जाऊ देऊ नका, खताचा कस वाहून जातो. आणि हौदाचा गळका फ्लोट व्हॉल्व्ह आजच बदला. ऐन उन्हाळ्यातही हौदाभोवती चिखल असेल तर कारण तेच आहे.

आता जमीन. दारासमोरच्या 20 बाय 10 फुटांच्या जागेचा हिशेब असा. मऊ माती आणि शेण मिळून 8-9 इंच थर खरवडून काढा. शेणमातीवर दगड टाकला की तो खाली बसतो आणि चिखल वर येतो. काळी माती असेल तर तळाला न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. ते पाणी झिरपू देतं, माती वर येऊ देत नाही. शेततळ्याचा उरलेला प्लास्टिक कागद इथे चालणार नाही, त्यावर पाणी साचून राहतं. या तळावर जाड खडीचा 6 इंचांचा थर, म्हणजे 1 ब्रास (100 घनफूट). वर 3 इंच मुरूम, म्हणजे अर्धा ब्रास. दाबल्यावर बसतो म्हणून चौथा हिस्सा जास्त मागवा. ओला मुरूम मुठीत दाबून पाहा, चिकट गोळा झाला तर त्यात माती जास्त आहे, परत पाठवा. मुरूम दोन थरांत पसरून, पाणी शिंपडून धुमसाने ठोका. उतार गोठ्यापासून बाहेर, 10 फुटांना 4 ते 5 इंच.

पाऊस सुरू झाल्यावर हे वाचत असाल तर चिखलावर मुरूम ओतू नका, पैसे बुडतील. चिखल फावड्याने ओढून काढा, दावणीपासून हौदापर्यंत चपट्या दगडांची किंवा विटांची वाट करा आणि बाकीचं काम उघडिपीवर ठेवा. पाचट किंवा सोयाबीनचं भुसकट टाकायचंच असेल तर दोन-तीन दिवसांत उचला. कुजलं की त्याचाच चिखल होतो, माश्याही वाढतात.

डांगी जातीच्या जनावराचं काळं, टणक खूर पावसात टिकतं. संकरित गाईचं खूर सतत ओलं राहून मऊ पडतं, बेचक्यात जखम होते आणि गाय लंगडते. कासेला चिखल लागला तर दगडी (कासदाह) होण्याचा धोका वाढतो. धार काढल्यावर सडाचं तोंड साधारण अर्धा तास उघडं असतं, तेवढा वेळ गाय खाली बसू नये म्हणून वैरण धार झाल्यावरच टाका.

खुरं बुडवायला मोरचुदाचं (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) पाणी वापरा; द्राक्षबागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद घरात असतंच. 10 लिटर पाण्यात 500 ग्रॅम, प्लास्टिकच्या किंवा सिमेंटच्या टाकीत, खूर पूर्ण बुडेल इतकं. लोखंडी भांडं नको, मोरचूद लोखंड खातं. आधी खुरं धुऊन घ्या; शेण मिसळलं की द्रावणाचा जोर जातो. मेंढ्यांना तांबं फार लवकर बाधतं, त्यांच्यासाठी 10 टक्के झिंक सल्फेट वापरा आणि मोरचुदाचं उरलेलं पाणी त्यांच्या तोंडी लागेल अशा जागी ओतू नका.