पिचू पोपट बघायचाय? आधी कान लावा

आंबोलीत पाहुणे आले की पिचू पोपट दाखवा म्हणतात आणि थेट दुर्बीण काढतात. ती राहू द्या. हा जेमतेम 14 सेंटिमीटरचा, अंगाने पानासारखा हिरवा. पालवीत बसला की संपलं. उडताना मात्र 'ची-ची-ची' ओरडतो, तेव्हा आधी कान लावायचे.

फेब्रुवारी-मार्चात पांगारा फुलला की सकाळी त्याच्याखाली उभं राहा. सूर्य पाठीशी ठेवा. उलटा लोंबकळून मध पिताना लाल चोच आणि पाठीमागचा लालभडक डाग दिसेल. गळ्यावर निळा ठिपका असेल तर नर. शेपूट आखूड, अगदी बुटकं. झोपतोही उलटाच!

पकडून पाळायचं मनातही आणू नका, गुन्हा आहे.