रीडेबिलिटी स्कोअर बघताय? या चुका टाळा

लेख लिहून झाला की ऑनलाइन टूलमध्ये टाकायचा आणि रीडेबिलिटी स्कोअर, म्हणजे मजकूर वाचायला किती सोपा आहे ते सांगणारा आकडा, बघायचा, ही सवय चांगलीच आहे. पण तो आकडा नेमकं काय मोजतो हे माहीत नसताना त्याच्या मागे लागलं, की बरा लेखही बिघडतो.

आकडा उलटा वाचणं

सगळ्यात जास्त दिसतो तो फ्लेश रीडिंग ईझ. रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ मध्ये तो इंग्रजीसाठी मांडला. ६० ते ७० म्हणजे साधं, सर्वांना झेपेल असं इंग्रजी. हे टक्के नव्हेत. आकडा जितका मोठा तितकं वाचन सोपं. शेजारीच बहुधा फ्लेश-किंकेड ग्रेड असतो. तो १९७५ मध्ये अमेरिकी नौदलासाठी तयार झाला आणि इयत्ता सांगतो, म्हणजे तिथे आकडा वाढला की मजकूर अवघड.

मराठी मजकूर इंग्रजी सूत्रात घालणं

सर्वाधिक नुकसान करणारी चूक हीच. ही सूत्रं दोनच गोष्टी बघतात: एका वाक्यात सरासरी किती शब्द आणि एका शब्दात सरासरी किती उच्चारी अक्षरं (सिलेबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा; ‘शा-ळे-स-मोर-च्या’ असे पाच). आता हे वाक्य घ्या:

‘शाळेसमोरच्या दुकानदारांनीसुद्धा वर्गणी दिली.’

शब्द चार. उच्चारी अक्षरं ५, ७, ३ आणि २, एकूण १७. म्हणजे शब्दामागे सव्वाचार. फ्लेशच्या सूत्रात हे हातानं मांडलं तर उत्तर येतं उणे १५७ च्या आसपास, आणि ग्रेड येतो छत्तिसावी! चौथीतल्या मुलाला हे वाक्य सहज कळतं. आपली भाषा विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच जोडते, म्हणून शब्द लांब होतात. सूत्राला ते ओझं वाटतं, वाचकाला वाटत नाही. तेव्हा असा आकडा बघून ‘माझं मराठी अवघड आहे’ असं मुळीच समजू नका.

टिंबांचाही घोळ असतो. ‘मा.’, ‘दि.’, ‘रु.’, ‘डॉ.’ यांतल्या प्रत्येक टिंबाला साधी टूल्स वाक्याचा शेवट समजतात. सरकारी नोटिशीतलं चार ओळींचं वाक्य मग कागदावर पाच-सहा छोट्या वाक्यांचं ठरतं.

आकड्यासाठी वाक्यं तोडणं

‘पाऊस लांबला म्हणून पेरणी अडली’ याचं ‘पाऊस लांबला. पेरणी अडली.’ केलं की वाक्याची सरासरी घटते, पण ‘म्हणून’ गेलं. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे आता वाचकानं जुळवायचं. ‘कारण’, ‘पण’, ‘तरीही’ हे शब्द वाचकासाठी असतात. ते कापू नका.

छोटा शब्द म्हणजे सोपा शब्द, हे गृहीत धरणं

‘सातबाऱ्यावर बोजा आहे’ यातला ‘बोजा’ दोन अक्षरांचा. जमिनीवर कर्ज आहे असा त्याचा अर्थ शहरात वाढलेल्या तरुणाला लागेलच असं नाही. सूत्राला यातलं काही दिसत नाही. शब्दांचा क्रम उलटसुलट केला तरी ते तोच आकडा देईल.

मग तपासायचं कसं?

मजकूर मोठ्यानं वाचा. जिथे दम लागतो तिथे वाक्य फोडा. मग ज्याच्यासाठी लिहिलंय अशा एकाला तो वाचायला द्या आणि नेमका प्रश्न विचारा: अर्ज कुठे द्यायचा? शेवटची तारीख कोणती? उत्तरासाठी तो मजकुरात पुन्हा वर-खाली शोधू लागला, तर ते वाक्य दुरुस्त करा, स्कोअर काहीही असो.