नव्या ड्राइव्हचे फॉरमॅटिंग: आयनोडचा हिशेब आधी करावा

लिनक्समध्ये ड्राइव्ह फॉरमॅट करताना समोर येणारे बरेचसे पर्याय नंतरही बदलता येतात. जे बदलता येत नाहीत, त्यांचाच विचार आधी नीट करावा. त्याहीपूर्वी 'एलएसबीएलके' ही आज्ञा देऊन ड्राइव्हचे नाव आणि आकार ताडून पाहावा, कारण चुकीच्या नावावर फॉरमॅट चालवले तर भलत्याच ड्राइव्हवरचा डेटा जातो.

फाइल सिस्टिमची, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीची, निवड फारशी अवघड नाही. ड्राइव्ह विंडोजलाही जोडायची असेल तर एक्सफॅट घ्यावी, स्नॅपशॉट (एखाद्या क्षणीच्या स्थितीच्या जतन केलेल्या प्रती) हवे असतील तर बीटीआरएफएस, आणि अन्यथा एक्स्ट४. एक्सएफएसही उत्तम आहे. मात्र तिचे विभाजन पुढे लहान करण्याची वेळ येणार असेल तर ती टाळलेलीच बरी.

एक्स्ट४ मध्ये खरा प्रश्न आयनोडच्या, म्हणजे फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदींच्या, संख्येचा असतो. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो आणि एक्स्ट४ ते सगळे फॉरमॅट करतानाच आखून ठेवते. सर्वसाधारणपणे दर १६ केबी जागेमागे २५६ बाइटचा एक आयनोड धरला जातो, म्हणजे २ टीबीच्या ड्राइव्हवर सुमारे ३१ जीबी जागा केवळ आयनोडच्या तक्त्यांत जाते. ड्राइव्हवर चित्रपट किंवा बॅकअपच्या मोठ्या फाइलीच ठेवायच्या असतील, तर फॉरमॅट करणाऱ्या 'एमकेएफएस.एक्स्ट४' या आज्ञेत मोठ्या लिपीतल्या 'टी' (-T) पर्यायापुढे 'लार्जफाइल' लिहावे. मग दर १ एमबीमागे एकच आयनोड आखला जातो आणि हा खर्च अर्ध्या जीबीच्या आसपास येतो. मात्र त्याच ड्राइव्हवर पुढे लाखो बारीक फाइली आल्या, तर जागा शिल्लक असूनही 'जागा उरली नाही' असा संदेश येईल, आणि हे प्रमाण पुन्हा फॉरमॅट केल्याशिवाय बदलता येणार नाही. ड्राइव्हचा वापर नक्की ठरलेला नसेल तर मूळ प्रमाणाला हात लावू नये, असे माझे मत आहे.

राखीव जागेचे तसे नाही. एक्स्ट४ एकूण जागेपैकी ५ टक्के जागा रूटसाठी (सिस्टिमच्या प्रशासक खात्यासाठी) राखून ठेवते, जेणेकरून डिस्क भरली तरी सिस्टिमच्या सेवा चालू राहतात. केवळ डेटा ठेवण्याच्या २ टीबीच्या ड्राइव्हवर मात्र त्यात १०० जीबी अडकून पडतात. तिथे त्याच आज्ञेतल्या लहान लिपीतल्या 'एम' (-m) पर्यायाने हे प्रमाण १ किंवा शून्य करावे. विसरल्यास नंतर 'ट्यून२एफएस' ही आज्ञा आहेच, आणि लेबलही (ड्राइव्हला दिलेले नाव) तिनेच बदलता येते.

ड्राइव्ह पहिल्यांदा माउंट केल्यावर (वापरासाठी सिस्टिमला जोडल्यावर) काही काळ डिस्कचा दिवा लुकलुकत राहिला तर घाबरू नये. आयनोडचे तक्ते पुसण्याचे उरलेले काम कर्नल (लिनक्सचा गाभा) पार्श्वभूमीवर उरकत असतो.