यंत्रांची यादी नका बघू, शिकवणारा कधी असतो ते विचारा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात भाड्याने राहून ड्रिल चालवायचं म्हणजे शेजारच्या आजींची दुपारची झोप मोडायची. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नमुना घेऊन गेलं, तर पहिला प्रश्न "केटला पीस?" एकच म्हटलं की चहा मिळतो, काम होत नाही. मला दिव्यांचे लाकडी स्टँड करायचे होते, तेही एकेक. म्हणून सामायिक वर्कशॉपचा, म्हणजे फी भरून तिथली यंत्रं वापरायच्या जागेचा, सदस्य झालो. सयाजीरावांनी १८९० साली ज्या गावात कलाभवन ही कला आणि तंत्र शिकवणारी संस्था काढली, जिथे दादासाहेब फाळके शिकले, तिथे हाताने काही करायला जागा शोधावी लागते, याची गंमत वाटते. असो.

फी भरण्याआधी लेझर कटर, थ्रीडी प्रिंटर, सीएनसी राउटर अशी यादी दाखवतात. तिला भुलू नका. शिकवणारा माणूस नेमका कोणत्या वेळी असतो? करवतीच्या पात्याला धार कोण लावतं? प्लाय, अ‍ॅक्रिलिक, फिलामेंट (थ्रीडी प्रिंटरची प्लास्टिकची तार) आपलं की त्यांचं? आणि अर्धवट काम ठेवायला फळी मिळेल का? हा शेवटचा प्रश्न कुणीच विचारत नाही. फेविकॉल लावलेला सांधा रात्रभर क्लॅम्पमध्ये राहायला हवा. तो अ‍ॅक्टिव्हावरून घरी नेता येत नाही.

लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, मला एका निवृत्त काकांनी शिकवला. संखेड्याच्या खुर्च्यांचे पाय कातण्यात त्यांचं आयुष्य गेलं. हत्यार हातात देण्याआधीच म्हणाले, "पहेलां अवाज सांभळ." आधी आवाज ऐक. हत्यार बोथट झालं की लाकडाचा आवाज खरखरीत होतो, तो कान ओळखायला लागला की निम्मं काम आलं. लेथवर आणि ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत. मोजा अडकला की हात आत ओढला जातो. ओढणी, कडं, सैल बाही यांचंही तेच. आणि चकची (लाकूड किंवा ड्रिलचं पातं पकडणाऱ्या जबड्याची) चावी चकमध्ये कधीच सोडायची नाही.

लेझरचं दुखणं वेगळं. स्वस्त रेक्झिन बहुधा पीव्हीसी या प्लास्टिकचं असतं. ते कापलं की हायड्रोजन क्लोराईड वायू सुटतो, फुप्फुसांना बाधतो आणि मशीनही गंजवतो. कशाचं आहे ते माहीत नसेल तर कापूच नका. शिवाय बाजारातला '३ मिमी' प्लाय नेमका ३ मिमी नसतो, आणि लेझरची फटही थोडा माल खाते. म्हणून खाचेत बसणारे जोड करताना आधी व्हर्नियरने जाडी मोजा, एक छोटा तुकडा कापून बसवून बघा, मगच अख्खी शीट लावा. व्हर्नियर, स्टीलची फूटपट्टी आणि डोळ्यांवर नीट बसणारा गॉगल स्वतःचा घ्या. बाकी हत्यारांवर सुरुवातीला पैसे घालू नका.

वर्षाची फी एकदम भरली तर सवलत मिळते, तरी पहिले दोन-तीन महिने महिन्याचीच भरा. मार्च-एप्रिलात इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्ट घेऊन येतात, तेव्हा लेझरचा नंबर लागत नाही. मशीन निवांत हवं असेल तर नवरात्रीच्या संध्याकाळी जा. वर्कशॉप उघडं असलं तर आख्खं तुमचंच, बाकी सगळे गरब्याला गेलेले असतात.