ऑइल पॅनचं गॅस्केट घरी कसं बदलावं

रात्रभर गाडी उभी होती तिथे सकाळी तेलाचा काळा डाग दिसला की संशय ऑइल पॅनवर, म्हणजे इंजिनाखालच्या तेल साठवणाऱ्या भांड्यावर जातो, कारण इंजिनात सगळ्यात खाली तोच. पण वरून कुठूनही गळलेलं तेल त्याच्याच कडेला येऊन थेंब धरतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी खालचा भाग डीग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने) धुवून वाळवा, पॅनच्या सांध्यावर टाल्कम पावडर भुरभुरा आणि एक छोटी चक्कर मारून या. पावडर नेमकी सांध्याशी ओली झाली तर दोष गॅस्केटचा, म्हणजे पॅन आणि इंजिनाच्या मधल्या गळतीरोधक पट्टीचा. ओल वरून उतरलेली दिसली तर आधी व्हॉल्व्ह कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) आणि ऑइल फिल्टर तपासा.

पॅन सरळ खाली उतरेल का, हेही आधीच बघा. काही गाड्यांत सायलेन्सरचा पाइप किंवा क्रॉसमेंबर (गाडीच्या सांगाड्याचा आडवा दांडा) आड येतो. पॅन काढायला इंजिनच उचलावं लागत असेल तर हे काम गॅरेजला द्या.

टणक, सपाट जागी गाडी लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा. पुढची बाजू जॅकने उचलून वजन जॅक स्टँडवर घ्या आणि गाडी हाताने जोरात हलवून बघा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. यात तडजोड नाही.

इंजिन कोमट असताना ड्रेन बोल्ट काढून तेल पूर्ण निथळू द्या. मग पॅनचे बोल्ट काढा. त्यांची लांबी सारखी नसते. एका पुठ्ठ्यावर पॅनचा आकार काढून जागच्या जागी भोकं पाडा आणि प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकात खोचून ठेवा. समोरासमोरचे दोन बोल्ट शेवटपर्यंत थोडे अडकवून ठेवा, म्हणजे पॅन अंगावर पडत नाही. चिकटला असेल तर रबरी हातोडीने कडेने हलके ठोका. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. ॲल्युमिनियमवर पडलेला चरा पुढे तेलाची वाट होतो.

आता खरं काम: सफाई. बहुतेक वेळा नवं गॅस्केटही गळतं ते घाईच्या सफाईमुळे. जुनं गॅस्केट प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा. घासायची चकती ड्रिलला लावू नका, तिची भुकटी तेलातून बेअरिंगपर्यंत पोहोचते. शेवटी ब्रेक क्लीनर लावलेलं पांढरं फडकं फिरवा. ते पांढरंच राहिलं आणि कडेवर नख कुठे अडखळलं नाही, तर पृष्ठभाग तयार. पत्र्याचा पॅन असेल तर भोकांभोवतीची कड बघा. आधी कुणी बोल्ट जादा आवळले असतील तर तिथे पत्रा वर उचललेला असतो. लाकडी ठोकळ्यावर ठेवून तो हातोडीने सपाट करा. तेल ओढणारी जाळीही पुसून घ्या.

रबरी गॅस्केट सहसा कोरडंच बसवतात. इंजिनाचं पुढचं कव्हर आणि ब्लॉक (इंजिनाचा मुख्य भाग) जुळतात त्या कोपऱ्यांवर मात्र सिलिकॉनचा, म्हणजे ट्यूबमधल्या गळतीरोधक पेस्टचा, एकेक थेंब लागतो. काही इंजिनांना गॅस्केटच नसतं. तिथे सिलिकॉनची साधारण ३ मिमीची अखंड रेघ भोकांच्या आतल्या बाजूने ओढायची. जास्त लावलेलं सिलिकॉन आत सांडून जाळीत अडकतं.

सगळे बोल्ट आधी बोटांनी लावा, मग मधल्यापासून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. ६ मिमीच्या बोल्टला सहसा १० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क (आवळण्याचा पीळ) पुरतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या आणि टॉर्क रेंच, म्हणजे हा पीळ मोजणारा पानाच वापरा. पहिल्या वेळी मी अंदाजाने आवळलं होतं. गॅस्केट दोन बोल्टांच्या मध्ये फुगून बाहेर आलं आणि सगळं परत उघडावं लागलं.

ड्रेन बोल्टला नवा वॉशर लावा, नवा फिल्टर बसवा, आणि सिलिकॉन वापरलं असेल तर ट्यूबवर लिहिलेल्या वेळेपर्यंत थांबा. बऱ्याचदा ती २४ तास असते. मगच तेल भरा. इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा. नाही विझला तर लगेच बंद करा. दहा मिनिटं चालू ठेवून टॉर्चने सांधा बघा, मग इंजिन बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिक तपासा. जुनं तेल गटारात किंवा मातीत ओतू नका, झाकणाच्या डब्यात भरून पुनर्वापरासाठी द्या. आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर एका रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा अंथरून ठेवा.