डुकरीण पान्हवत नाही? सुई टोचण्याआधी या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यात वराहपालनाकडे नव्याने वळलेले पुष्कळ जण गाई-म्हशींच्या गोठ्यातून आलेले असतात, आणि डुकरीण व्याल्यानंतरच्या त्यांच्या चुकाही तेथूनच सोबत येतात. त्यांतील सर्वांत चिवट चूक म्हणजे दूध तयार होणे आणि पान्हा सुटणे या दोन गोष्टी एकच समजणे. विण्याच्या सुमारास गाभणपण टिकवणारे प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन (संप्रेरक) घसरते, दूध तयार करवणारे प्रोलॅक्टिन वाढते आणि कासेत दूध तयार होऊ लागते. ते दूध सडापर्यंत ढकलण्याचे काम ऑक्सिटोसिन या तिसऱ्या हार्मोनचे. कासेत दूधच नसेल, तर ऑक्सिटोसिन कितीही टोचले तरी ते बाहेर काय काढणार?

मोहोळ तालुक्यातील एका तरुणाने विण्याच्या तिसऱ्या दिवशी मला घाईघाईने बोलावले. सड पिळले तर थेंब निघत नव्हता, म्हणून त्याने म्हशीच्या सवयीने सकाळपासून ऑक्सिटोसिनची तीन इंजेक्शने दिली होती, आणि प्रत्येक वेळी दोन-चार धारा आल्यामुळे औषध लागू पडत असल्याची त्याला खात्री वाटत होती. मी अंगाचे तापमान पाहिले, ते १०२ अंश फॅरनहाइट, म्हणजे डुकरिणीसाठी नेहमीचेच होते. कास मऊ होती आणि खाद्याचे घमेले चाटूनपुसून साफ होते. मी एक बादली पालथी घालून बसलो आणि त्यालाही बसवले. चाळीसेक मिनिटांनी डुकरीण कुशीवर पडून संथ घुरघुरू लागली, पिल्ले आपापल्या ठरलेल्या सडाला लागून नाकाने कास ढोसू लागली. मग घुरघुर एकाएकी वाढली, पिल्ले स्तब्ध झाली आणि जेमतेम पंधरा सेकंद भराभर दूध ओढत राहिली.

“एवढंच?” त्याने विचारले. एवढेच, परंतु ते साधारण पाऊण ते एक तासाने, रात्रंदिवस चालते. गाईसारखी दूध साठवण्याची जागा डुकरिणीच्या कासेत नसल्यामुळे दोन पान्ह्यांच्या मधल्या वेळेत सड पिळून काहीही कळत नाही. व्याल्यानंतरचा पहिला दिवस मात्र याला अपवाद असतो, कारण तेव्हा चीक सहज निघतो. माझी पद्धत साधी आहे: घड्याळ लावून तासभर बसावे आणि दोन पिल्लांच्या पाठीवर खूण करून त्यांचे रोज एकाच वेळी वजन करावे. ज्याला एक तास बसवत नाही, त्याने डुकरे पाळू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा आजार वेगळा दिसतो. ताप १०४ च्या वर जातो, कास कडक व गरम लागते, बद्धकोष्ठता होते, खाणे सुटते आणि डुकरीण सड लपवून पोटावर पडून राहते. जंतूंचे विष प्रोलॅक्टिनलाच दाबत असल्यामुळे येथे पशुवैद्यक हवा, आणि तोही त्याच दिवशी. विण्याआधीचे आठ दिवस भरमसाट खाद्य चारणारे हे संकट बहुधा स्वतःच ओढवून घेतात. अडलेले पिल्लू हाताने तपासल्याशिवाय ऑक्सिटोसिन देणे हा तर अडाणीपणाच होय.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. एका वर्षी फुलोऱ्यात पाऊस लागलेली बाजरी स्वस्तात मिळाली, म्हणून ती भरडून गाभण माद्यांना घातली. व्यायच्या वेळी ताप नव्हता, खाणे व्यवस्थित होते, परंतु कास मात्र सपाट राहिली. त्या बाजरीत दाण्यांच्या जागी आलेल्या काळपट, कडक गाठी अरगट या बुरशीच्या होत्या, आणि अरगटमधील अल्कलॉइड (विषारी द्रव्ये) प्रोलॅक्टिन रोखतात. त्या वेळी सुई निरुपयोगी ठरली. पिल्ले दुसऱ्या माद्यांखाली लावावी लागली आणि तरीही काही गेली. तेव्हापासून मी बाजरीचे प्रत्येक पोते सुपात पसरून पाहतो आणि गाठ दिसली की ते परत पाठवतो.

चीक पहिल्या दिवसातच मिळायला हवा, कारण वारेतून पिल्लांना प्रतिकारशक्ती मिळत नाही आणि चोवीस तासांनंतर ती आतड्यातूनही शोषली जात नाही. न चोखलेला सड काही दिवसांतच आटतो, म्हणून दुसरीची पिल्ले लावायची असल्यास उशीर करू नये.

आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये मात्र हार्मोनला दोष देण्याआधी पाण्याचा नळ उघडून पाहावा. दूध पाजणाऱ्या मादीला दिवसाला वीस ते चाळीस लिटर पाणी लागते, आणि पत्र्याखालचे पाइपमधले पाणी दुपारी इतके तापते की ती तोंड लावून मागे सरते. मी पाइपवर ओली पोती गुंडाळतो आणि मुख्य खाद्य पहाटे पाचला व रात्री नऊनंतर देतो.