माउंटन बाइक सोडून रोड बाइकवर ऑफिसला जायचं असेल तर

माशेलहून पणजी साधारण १७-१८ किलोमीटर. बाणस्तारीचा पूल, खोर्ली, जुने गोवे, मग बायपासला न लागता रायबंदरातून पाटोला. हा रस्ता मी काही वर्षं जाड टायरच्या माउंटन बाइकवर केला आणि आता रोड बाइकवर, म्हणजे बारीक टायरच्या, खाली वळलेल्या हँडलच्या सायकलवर करतो. एका फेरीत दहा-बारा मिनिटं वाचतात. "निम्मा वेळ लागतो" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

त्यामुळे पहिलं काम दुकानात जायचं नाही, जुन्या सायकलचे टायर बदलायचं. दीड इंचाचे गुळगुळीत टायर घाला आणि पुढच्या सस्पेन्शनला लॉक असेल तर तो लावून टाका. डांबरी रस्त्यावर माउंटन बाइकची ताकद खातात ते टायरचे गोटे. महिनाभर असं चालवून पाहा. एवढ्यावर भागलं तर पैसे वाचले. तरीही हात पुढे टाकून वाकावंसं वाटत असेल, चढाला सायकल जड लागत असेल, तर मग खरेदीला निघा.

शर्यतीची सायकल घेऊ नका. लांब पल्ल्यासाठी बनवलेली, हँडल जरा उंच असलेली घ्या. माझ्या तीन अटी होत्या: ३२ मिलिमीटरचा टायर बसेल एवढी जागा, डिस्क ब्रेक, आणि मडगार्ड-कॅरिअर लावायला फ्रेमवर भोकं. शेवटची अट दुकानदाराला विचित्र वाटते, कारण बऱ्याच रोड बाइकना ही भोकं नसतातच. पण आपल्याला जून ते सप्टेंबर काढायचे आहेत. रिम ब्रेक असला तर भर पावसात दाबल्यावर आधी रिमवरचं पाणी निपटतं, मग सायकल थांबू लागते. त्यात आपली तांबडी माती मिसळली की पॅड आणि रिम दोन्ही घासून निघतात. गिअर बघताना पुढच्या दोन चकत्यांना ५० आणि ३४ दात आणि मागे सर्वांत मोठी चकती ३२ किंवा ३४ दातांची असू द्या.

माप मात्र बसूनच ठरवा. माउंटन बाइकचा 'मीडियम' इथे चालेलच असं नाही. सीटची उंची ठरवायची जुनी युक्ती अजून कामाची आहे: पेडल सर्वांत खाली, त्यावर टाच ठेवायची, पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून मारलं की गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. मान किंवा तळहात दुखायला लागले तर हँडलखालच्या रिंगा काढू नका, उलट हँडल वर घ्या.

वाकडं हँडल रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानात शिका, सोमवारी हायवेवर नाही. बहुतेक वेळ हात वरच्या रबरी मुठींवर राहतात, उतारावर आणि जोरात ब्रेक लागणार असेल तिथे खालच्या बाकावर. गिअर ब्रेकच्याच मुठीत असतात, आणि काही सायकलींत ब्रेकची दांडीच आडवी ढकलून गिअर बदलतो. गडबडीत ब्रेक मारायला जाऊन गिअर बदलला, असं मला पहिल्या आठवड्यात दोनदा झालं. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे तेही एकदा चाक फिरवून बघा.

आता हवा. या एका गोष्टीने मला सर्वांत जास्त छळलं. माउंटन बाइकला तीसेक पौंड हवा घालून पंधरा पंधरा दिवस विसरून जायचो. रोड बाइकवर तेच केलं आणि बाणस्तारीच्या पुलाखाली खड्ड्यात चाक आपटलं. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली. काढून बघितली तर साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं. ढकलत पंक्चरवाल्याकडे गेलो, त्याने ठिगळं लावली, पण हवा भरता येईना: रोड बाइकचा व्हॉल्व बारीक, त्याच्या नळीला बसेचना. काही रुपयांचा पितळी अडॅप्टर तेव्हापासून व्हॉल्वलाच लावलेला असतो. तुमचं वजन सत्तर किलोच्या आसपास असेल तर २८ मिलिमीटरच्या टायरला ७०-७५, ३२ च्याला ६० च्या आसपास पौंड पुरतात; मागे थोडी जास्त. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी भरलीत तर दात वाजतील. बारीक टायरची हवा लवकर उतरते, म्हणून घरी गेजवाला पंप हवाच, आणि दर आठवड्याला तपासणी.

रस्ताही नव्याने वाचावा लागतो. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने असल्या तर बारीक चाक आत जातं. पुलाचे जोड आणि रंबलर (रस्त्यावरचे आडवे उंच पट्टे) आले की बूड सीटवरून किंचित उचलायचं, कोपर-गुडघे सैल सोडायचे. ओले पांढरे पट्टे, लोखंडी पत्रे आणि रायबंदरात झाडांखाली जमणारं शेवाळ यांवर वळताना ब्रेक नको. चोडणहून फेरीबोटीने येणाऱ्यांनी रँपवर उतरून चालावं, त्यात कमीपणा नाही. मला सकाळी पोदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला भेटतो, मागे पावांची टोपली, हॉर्न वाजवत. तो जिथून वळण घेतो तिथे खड्डा आहे असं मी समजून चालतो.

रायबंदर ते पणजीचा बांध, पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात घातलेला, जवळजवळ ३ किलोमीटर सपाट. हिवाळ्या-उन्हाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून, संध्याकाळी समुद्राकडून, म्हणजे माशेलवाल्याला जाता-येता पाठीवरच! पावसाळ्यात हा लाड संपतो, सकाळी वारा थेट तोंडावर येतो.

सामान पाठीवर घेऊ नका, कॅरिअरला बॅग अडकवा. नाहीतर ऑफिसात पोचेपर्यंत शर्ट पिळायला होतो. पावसात चेनला ओल्या हवेचं जाड तेल, घरी आल्यावर फडक्याने पुसणं, आणि पुढे-मागे दिवे दिवसासुद्धा.

जुनी माउंटन बाइक विकू नका. जुलैत रस्ते उखडले की मी तीच काढतो, आणि चवथीनंतर (गणेशचतुर्थीनंतर) खड्डे बुजले की रोड बाइक परत खाली उतरवतो. त्या दिवशी आधी हवा भरतो, मग टायरवर अंगठा फिरवून रुतलेली काच शोधतो.